त्याची रजा, माझा जळफळाट

नवऱ्याला डॉक्टरांनी सक्तीची रजा दिली, तेव्हा मी ऑफिसच्या पँट्रीत उभ्या-उभ्या केळं खात होते. एक मीटिंग संपली होती, दुसरी सुरू होत होती, आणि जेवायला मधे जागाच नव्हती. त्याचा मेसेज आला. बर्नआउट म्हणतात, तीन महिने घरी बसायला सांगितलंय. एवढंच.

मला आधी काळजी वाटायला हवी होती. ती वाटली, पण नंतर. आधी जे वाटलं ते सरळ सांगते, त्यात लपवण्यासारखं काही नाही. मला त्याचा हेवा वाटला. सणकून वाटला. केळ्याचं साल हातात धरून मी भिंतीकडे बघत उभी होते आणि मनात एकच चाललं होतं, की याला झालं, मग मला का नाही?

कारण आमच्या घरात कोण जास्त दमलंय यावर लग्नापासून चढाओढ आहे. संध्याकाळी घरात शिरल्यावर जो पहिल्यांदा "आज मेलो" म्हणेल त्याला चहा आयता मिळतो. दुसऱ्यानं आपला दिवस त्याहून वाईट गेला हे पटवून दिलं तर भांडी पहिल्याच्या गळ्यात. मी या खेळात पटाईत होते. आम्ही राहतो चोआ चू कांगला, म्हणजे पश्चिमेला, आणि माझं ऑफिस पार टॅम्पिनीसच्या बाजूला, म्हणजे पूर्वेला. जवळजवळ अख्खं सिंगापूर रोज एकदा जाताना आणि एकदा येताना एमआरटीतून, म्हणजे इथल्या मेट्रोतून, ओलांडायचं. बँकेच्या आयटीत मॅनेजर, म्हणजे वरच्यांच्या शिव्या खाली पोचवायच्या आणि खालच्यांच्या सबबी वर. शिवाय लेकीची शाळा, तिची ट्यूशन, स्वयंपाक. त्याचं ऑफिस म्हणजे बुओना व्हिस्टाची प्रयोगशाळा, तुलनेनं हाकेच्या अंतरावर. मी हरणं शक्यच नव्हतं. आणि आता हा डॉक्टरांचा कागद घेऊन आला. त्यावर काय बोलणार, कप्पाळ?

तो पेशींवर संशोधन करतो. त्या पेशी काचेच्या कपाटात वाढवतात, आणि दर दोन-तीन दिवसांनी त्यांचं खाणं बदलावं लागतं. रविवार असो, दिवाळी असो, लेकीचा वाढदिवस असो, हा केक कापून झाला की "पेशींना खायला घालून येतो" म्हणून निघायचा. मला त्या पेशींचाही हेवा वाटायचा. मला ताप आला असताना कोणी इतक्या वेळेवर पेज दिली नव्हती. तर या माणसानं एके दिवशी त्यांना खायला घातलंच नाही. सुट्टीवर नव्हता, आजारी नव्हता, तिथेच बसला होता. कित्येक महिन्यांचं काम मेलं. त्याच्याबरोबर काम करणारी मुलगी रडली, तो नाही रडला. पुढे कळलं की आधीचे काही आठवडे तो येईल त्या मेलला "ओके" असं उत्तर देत होता. एकाच दिवशी दोन वेगळ्या देशांत भाषण द्यायलाही ओके म्हणून बसला होता. तेव्हा कुठे वरच्यांनी त्याला डॉक्टरकडे पाठवलं.

हे सगळं मला माहीत होतं. तरी जळफळाट थांबेना, त्याला मी काय करू?

सकाळी मी दारात बूट घालत असायचे. एका हातात लॅपटॉपची बॅग, दुसऱ्या हातात लेकीनं विसरलेली पाण्याची बाटली. हा सोफ्यावर, खिडकीकडे तोंड करून, हातात चहाचा कप. चहा थंड होऊन त्यावर साय धरलेली असायची, पण ती माझ्या डोळ्यांना दिसत नव्हती. मला फक्त बसलेला नवरा दिसत होता. "येते" म्हटलं की "बरं" म्हणायचा. त्या "बरं"नं माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. लिफ्टमध्ये लेक इथल्या इंग्रजीत म्हणायची, "पपा सो लकी, ला. नो स्कूल, नो वर्क." मी तिला दटावायचे, आणि मनात म्हणायचे, बाळ, अगदी माझ्या मनातलं बोललीस.

त्यात सासूबाई. रोज पुण्याहून व्हिडिओ कॉल. "त्याला जप गं. मऊ भात दे. त्याच्यापुढे कटकट करू नकोस." मी म्हटलं, "आई, मीसुद्धा दमते." त्या म्हणाल्या, "तुझं काय बाई, तुला सवय आहे." इतक्या मायेनं म्हणाल्या की भांडायचीही सोय ठेवली नाही.

आणि इथल्या आमच्या मराठी बायका. एरवी गणपतीत भेटणाऱ्या. त्यांनी डबे सुरू केले. आज कोणाकडून सांज्याच्या पोळ्या, उद्या कोणाकडून मटकीची उसळ. दारात मला डबा देताना आवाज खाली आणून विचारायच्या, "कसे आहेत?" मी त्याच वेळी ऑफिसातून आलेली, केस विस्कटलेले, पोटात भुकेचा आगडोंब, आणि मला कोणी विचारत नव्हतं मी कशी आहे. मला मागे डेंग्यू झाला होता तेव्हा यांनीच ग्रुपवर नमस्काराचे हात पाठवले होते. पोळी सोडा, पोळीचा फोटोसुद्धा नाही. त्या सांज्याच्या पोळ्यांतल्या दोन मी स्वयंपाकघरात उभ्यानं खाल्ल्या आणि उरलेल्या त्याच्या पानात वाढल्या. त्यानं अर्धी खाऊन ताट सरकवलं. मला वाटलं, लाड फार झालेत.

शेवटी मी ठरवलं, आपणही दाखवून घ्यायचं. कंपनीच्या दवाखान्यात वेळ घेतली. काय काय सांगायचं याची मनात उजळणी केली. झोप लागत नाही, छातीत धडधडतं, कोणी मोठ्यानं चमचा ठेवला तरी अंगावर काटा येतो. एकही खोटं नव्हतं. डॉक्टर बाई चिनी, चष्मा नाकावर, शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, समजा मी तुम्हाला एक महिना सुट्टी दिली, तर काय कराल?

मला काय, एवढंच हवं होतं. मी म्हटलं, पहिले दोन दिवस नुसती झोपेन. मग कपाटं आवरेन, तिन्हीच्या तिन्ही. भाजणी करेन. लेकीला घेऊन पुण्याला जाईन, आईच्या हातचं खाईन, बहिणीशी राहिलेलं भांडण उरकून घेईन. बॅडमिंटनचा क्लास लावेन. पोहायला शिकेन, इतकी वर्षं या बेटावर राहून पाण्यात उतरले नाही. आणि परत आल्यावर बॉसला तोंडावर सांगेन की तुझं वेळापत्रक तुझ्याकडेच ठेव. मी बोलत सुटले होते. बाईंनी मधेच हात वर केला. हसत होत्या.

म्हणाल्या, तुम्हाला ताण आहे, भरपूर आहे, तो कमी करायलाच हवा. आणि दोन दिवसांची एमसी लिहून दिली. एमसी म्हणजे आजारपणाच्या रजेची चिठ्ठी, इथे सर्दीलाही मिळते. वर लवकर झोपा म्हणाल्या. त्याला तीन महिने आणि मला दोन दिवस. इतका पाणउतारा माझा बारावीच्या निकालातसुद्धा झाला नव्हता.

घरी येऊन मी ती चिठ्ठी टेबलावर आपटली. "तुलाही विचारलं होतं का रे, सुट्टी दिली तर काय कराल म्हणून?"

"हो."

"मग काय सांगितलंस? असं काय सांगितलंस की तीन महिने दिले?"

तो विचार करत बसला. म्हणाला, "काहीच सुचेना. बराच वेळ गेला. डॉक्टर वाट बघत होते, त्यांना वाईट वाटू नये म्हणून म्हटलं, बायकोला विचारून सांगतो."

मी हसले. खरंच हसले, कारण एरवी हा माझा सल्ला साधी छत्री घेतानाही विचारत नाही. तो हसला नाही. मला ते जरा टोचलं, पण मी दोन दिवसांच्या अपमानात इतकी गुंतले होते की पुढे विचार केला नाही. त्या दोन दिवसांत कपाटं मात्र आवरली.

मग मला वाटलं, घरात बसून बसून याचं डोकं गंजलंय. बाहेर काढलं, माणसांत नेलं, की मन रमेल. आमच्याकडे सगळ्यावर हाच उपाय. नेमकं त्याच सुमाराला एका मित्राकडे वास्तुशांत होती. मित्र म्हणजे नवऱ्याचा पुण्यापासूनचा. दोघं एकाच वर्षी इथे आले, एकाच संस्थेत लागले, आणि तेव्हापासून एकमेकांकडे तिरक्या डोळ्यानं बघत आले. प्रयोगशाळेत विभागप्रमुखाची एक जागा व्हायची होती. नवरा कित्येक वर्षं तिच्यावर डोळा ठेवून होता. हा रजेवर गेला आणि जागा मित्राला मिळाली. पाठोपाठ त्यानं बुओना व्हिस्टाला कॉन्डो, म्हणजे पूलवाल्या खासगी इमारतीतला महागडा फ्लॅट, घेतला. म्हणजे जखम ताजी होती आणि आम्ही तिच्यावर तुळशीपत्र ठेवायला चाललो होतो. मला वाटलं, जाऊ दे, निदान चिडेल तरी.

इथे आमच्या संसाराची एक गोष्ट सांगायला हवी. आम्ही दोघंही स्वभावानं जळकुटे. त्यावरच तर जमलं. कोणाकडेही जेवायला गेलो की तिथे तोंडभर कौतुक करायचं आणि परतीच्या गाडीत सगळा हिशेब चुकता करायचा. सोफा कसा बसल्यावर आत जातो, आमटी कशी पाण्याची सावत्र बहीण होती, मुलाला पियानो शिकवतात आणि त्याला बाराखडी येत नाही. नवरा यात माझा गुरू. लोकांच्या पडद्यांवर तो जे बोलायचा ते ऐकून मी गाडीत इतकी हसायचे की लोक वळून बघायचे. घरी येईपर्यंत आमचं घर आम्हाला पुन्हा पुरेसं मोठं वाटायचं. मला विचाराल तर आमच्या लग्नातला सगळ्यात गोड भाग हाच.

तर पूजा झाली. मजला उंच, हॉल प्रशस्त, खाली निळाशार पूल. धुराचा अलार्म वाजू नये म्हणून उदबत्ती बाल्कनीत आणि गुरुजी आत, असा थाट होता. मित्रानं नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून सगळ्यांसमोर म्हटलं, "आराम कर रे, बाकीचं मी बघतो." मी प्रसादाचा शिरा न चावताच गिळला. लेक तिथल्या मुलांबरोबर पूलमध्ये उतरली होती, तिला संध्याकाळी आणून सोडतो म्हणाले. आम्ही दोघंच निघालो.

बुओना व्हिस्टाला गाडीत जागा मिळाली. दार बंद होतंय तोच मी सुरू केलं. "शिऱ्यात केळं नव्हतं, बघितलंस? एवढा मोठा कॉन्डो, एक केळं नाही मिळालं."

"चांगला होता शिरा," तो म्हणाला.

"आणि तो पूल. घरात एकालाही पोहता येत नाही."

"छान होता पूल."

मी त्याच्याकडे बघितलं. चेहऱ्यावर काही नाही. मला वाटलं, भीड आहे, पूजेहून आलोय. जुरॉंग ईस्टला गाडी बदलली. दुसऱ्या गाडीत मी ठेवणीतलं काढलं. "ती खुर्ची तुझी होती. त्यानं सगळ्यांसमोर तुझ्या खांद्यावर हात ठेवला, तुझ्या आजारपणावर चढून बसलाय तो, आणि वर म्हणतो बाकीचं मी बघतो."

माझा नवरा खिडकीबाहेर बघत होता. म्हणाला, "तो बघेल नीट. त्याला जमतं."

मी त्या वाक्यात कडवटपणा शोधला. तिरकस काहीतरी असेल, ओठ जरा तरी मुडपले असतील. नव्हतं हो काहीच. आणि हा माणूस काही संत नाही. कॉलेजातल्या कोणालातरी परदेशी शिष्यवृत्ती मिळाली म्हणून आठवडाभर दाढी न करणारा माणूस आहे. ज्याच्या नखातही उदारपणा नव्हता तो आज शत्रूची स्तुती करत होता, आणि ती स्तुतीही नव्हती. कोणी स्टेशनचं नाव विचारावं आणि ह्यानं सांगावं, तसं.

तेव्हा मी घाबरले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा खरी घाबरले. तो बाजूला बसला होता, त्याचं कोपर माझ्या कोपराला लागत होतं, आणि मला वाटलं की मी गाडीत एकटीच आहे. दवाखान्यातल्या बाई का हसल्या ते तिथे कळलं. मला सगळं हवं होतं, म्हणून माझी फरफट होत होती. झोप हवी, पूल हवा, बॉसचा नक्षा उतरलेला हवा, सांज्याची पोळी हवी, शेजारणीच्या घरापेक्षा मोठं घर हवं. हात दोनच म्हणून जीव कासावीस. ओझं काढलं असतं तर मी उड्या मारत निघाले असते. याचं ओझं काढून तीन महिने होत आले आणि हा जिथल्या तिथे बसलेला. त्याला काही नकोसंही वाटत नव्हतं. साधं जळायलासुद्धा आत काहीतरी शिल्लक लागतं, आणि ते त्याच्याकडे नव्हतं. मी ज्याच्यावर इतके दिवस जळले ते हे होतं.

घरी आल्यावर मी त्याला चहा दिला आणि तो गरम असताना प्यायला लावला.

पण जग माझ्या गतीनं थोडंच चालतं. रजा संपत आली. सासूबाई म्हणाल्या, गालावर मांस आलंय, रंग सुधारलाय. डबेवाल्या बायका म्हणाल्या, फ्रेश दिसतात. प्रयोगशाळेतून मेल आली, सोमवारी येताय ना? त्यानं उत्तर दिलं, ओके. मला ते त्यानं जेवताना सांगितलं, मीठ द्यायला सांगावं तसं.

काय करायला हवं ते मला समजत होतं. आणि ते माझ्या किती जिवावर येत होतं तेही सांगते. तो परत गेला तर पुन्हा सगळ्याला ओके म्हणत राहील, आणि पुढच्या वेळी नुसत्या पेशी मरणार नाहीत. तो जायला नको. पण त्यानं नोकरी सोडली की त्याचा इथे राहायचा पासही गेला. मग त्यानं माझ्या पासवर राहायचं, डिपेंडंट म्हणून. म्हणजे घर, शाळा, इथलं आमचं राहणं, सगळं माझ्या एकटीच्या नोकरीला टांगलेलं. बॉसच्या तोंडावर वेळापत्रक फेकायचं माझं स्वप्न तिथेच संपलं. त्याला आणखी सुट्टी, बेमुदत, आणि ती मी माझ्या हातानं द्यायची. कशासाठी गं बाई, असं मी स्वतःलाच दोन दिवस विचारत होते.

शनिवारी सकाळी लेक ट्यूशनला गेली होती. तो टेबलाशी बसून मटार सोलत होता, कारण मी सोल म्हटलं होतं. मी त्याच्यासमोर खुर्ची ओढली.

"सोमवारी जाऊ नकोस," मी म्हणाले. "नोकरी सोड. माझ्या पासवर राहा. बाकीचं मी निभावते."

त्यानं मान हलवली. "बरं."

माझं डोकंच फिरलं. दोन दिवस जीव जाळून मी माझ्या गळ्याला फास लावून घेत होते आणि याचं आपलं "बरं". "बरं काय, बरं?" मी ओरडले. "मी त्या बँकेत मरेपर्यंत अडकणार, कळतंय का तुला? जा म्हटलं तरी बरं, नको म्हटलं तरी बरं. मी गेले तीन महिने तुझ्यावर जळतेय. रोज. तू त्या सोफ्यावर बसतोस त्याच्यावर, तुला डबे येतात त्यांच्यावर, आई तुला मऊ भात दे म्हणतात त्याच्यावर. मला तुझी रजा हवी होती. अजून हवी आहे. आणि तरी तुला सांगतेय, जाऊ नकोस."

त्याचे हात थांबले. त्यानं वर बघितलं. "माझ्यावर?" तो म्हणाला.

"हो, तुझ्यावर."

तो शेंगेतला एक दाणा बोटांत फिरवत होता. मग हळू आवाजात म्हणाला, "मी तुझ्यावर जळतो."

मला वाटलं, थट्टा करतोय. पण चेहरा थट्टेचा नव्हता. "कशाबद्दल रे? माझ्याकडे काय आहे?"

"तू सकाळी उठल्या उठल्या चिडतेस," तो म्हणाला. "पाणी गरम नाही म्हणून, लिफ्ट येत नाही म्हणून, बॉसची मेल आली म्हणून. मी पडल्या पडल्या ऐकत असतो. मला वाटतं, मलाही तसं चिडता यायला हवं."

"मला वाटतं" असं तो म्हणाला होता. तीन महिन्यांत या माणसाला काहीतरी वाटत होतं, रोज सकाळी, माझ्या शेजारीच, आणि मी बूट शोधत होते.

"मग जळ ना," मी शेवटी म्हणाले. "पोटभर जळ. पण नोकरी सोडायची मेल मी लिहिणार नाही. ती तू लिहायची."

"उद्या लिहितो."

"आज लिही."

"उद्या म्हटलं ना," तो म्हणाला, आणि त्याच्या कपाळावर एक बारीकशी आठी आली.

मी त्या आठीकडे बघत राहिले. मग मटारची पाटी त्याच्या पुढ्यातून ओढून घेतली आणि मुद्दामच म्हटलं, "आजच."